वच्छलाची वही

शाळेच्या हजेरीत ती वत्सला सिडाम,
आठवी ब, सतत गैरहजर, नावावर लाल शाईची रेघ.
दवाखान्याच्या कार्डावर वच्छी,
रक्त साडेसात, दोन्ही हातांची कातडी सोललेली.
ठाण्यात कु. व्ही. सिडाम, बेपत्ता,
आणि खाली दुसऱ्या पेनानं: मिळून आली.
माझ्या अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरात
तीन वर्षांची, वजन साडेनऊ किलो,
शेरा: खाऊ खात नाही, घरी नेते.

चार कपाटं, चार किल्ल्या.
वाघधऱ्यापासून तालुक्यापर्यंतच्या बावीस किलोमीटरांत
ती चार पोरी होऊन राहत होती.

बैठक गुरुवारी, ग्रामपंचायतीच्या खोलीत,
जिथल्या पंख्याचं एक पातं वाकलं आहे
आणि दर फेरीला कुरकुरतं.
बोरकुटे सर म्हणाले, शाळेनं दोनदा निरोप धाडला.
निमसरकार सिस्टर म्हणाल्या, गोळ्या दिल्या होत्या.
मूनबाई हवालदार टोपी मांडीवर ठेवून म्हणाल्या,
तक्रारच नव्हती, आम्ही काय करावं?
मीही म्हणालेच,
सहा वर्षांनंतर मूल माझं नसतं, नियमानं.
सगळं खरं होतं.
खऱ्याचे चार तुकडे टेबलावर,
आणि कुणाची कड कुणाला लागत नव्हती.

एसटीचे भोयर चुकून आले होते,
त्यांना वाटलं रस्त्याची बैठक आहे.
बशीतला चहा फुंकत बोलले,
"सिडामची पोरगी ना? पास होता तिचा.
साडेपाचची गाडी फाट्यावर थांबेनाशी झाली,
त्याच महिन्यात पास सुटला."

पंखा तेवढा बोलत राहिला.
पुढच्या थांब्यापासून घर सहा किलोमीटर,
दोन्ही बाजूंनी साग,
आणि दिवेलागणीनंतर तिथून
वाघाच्या भीतीनं वनरक्षकही एकटा जात नाही.
शाळा सुटली. दिवाळीनंतर मुकादमाची जीप आली.
तेलंगणात मिरचीची तोडणी,
म्हणून ते हात,
म्हणून ते बेपत्ता.
रजिस्टरं मी एकमेकांजवळ सरकवली.
इतकं सोपं होतं ते. चार वर्षं लागली.

मग ती आली, धाकट्या भावाला घेऊन,
चौकटीतच उभी राहिली. खुर्ची नव्हती.
मूनबाई उठल्या.
सिस्टरनं विचारलं, तुला काय पाहिजे, बाई?
आम्हाला वाटलं सायकल म्हणेल,
वसतिगृह म्हणेल.
म्हणाली,
"तुमी सगळे एकाच दिवशी येत जा नं.
एकेक जन येते, अन् मले पयल्यापासून सांगा लागते.
मुकादम. जीप. मिरची. हात.
नऊ डाव सांगतलं.
सांगू सांगू आता मलेच लबाड वाटते."

नऊ. मनात मोजले.
त्यातले दोन माझे होते.

बोरकुटे सर चष्मा पुसत राहिले, स्वच्छ झाल्यावरही.
भोयर म्हणाले, थांब्याला वरची मंजुरी लागते,
पण सोमवारपासून थांबवतो.
थांबते. एखाद दिवशी नाही थांबत,
तेव्हा पोरं डेपोत फोन लावतात,
माझ्याच मोबाइलवरून, माझ्याच बॅलन्सवर.
मुकादमाचं अजून काही झालेलं नाही.
मूनबाई तारखेला जातात,
पुढची तारीख घेऊन येतात.

वही मी आणली, दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची.
सगळ्यांनी तिच्यातच लिहायचं,
आणि पोरीला काही विचारण्याआधी
आधीचं वाचायचं.
पहिल्या ओळीवर सरांनी सवयीनं वत्सला लिहिलं.
तिनं पेन मागितला.
अजून नीट न वळणाऱ्या बोटांनी खोडलं,
खाली लिहिलं: वच्छला.
"घरी असंच म्हनते," एवढंच बोलली.

भाऊ अकराचा, टेबलाला हनुवटी टेकवून पाहत होता.
"मायं पान कोनतं?"
मी म्हटलं, तुझं नको रे बाबा यात.
आणि तरी एक पान
कोरं सोडून पुढे लिहायला घेतलं.